मेलेल्या बायकोवरचा विनोद

लोक आमचा कार्यक्रम रात्री अंथरुणात पडून बघायचे, पण आम्ही तो भर दुपारी करून ठेवायचो. बाहेर मॅनहॅटनमध्ये लख्ख ऊन, प्रेक्षक रांगेत उभं राहून सँडविच खाऊन आलेले, आणि कोरीन स्टेजवर येऊन म्हणायची, "काय मंडळी, झोप येत नाही वाटतं?" दर बुधवारी या वाक्याला हशा ठरलेला.

मी तिथे फ्लोअर मॅनेजर होते. कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं, कानात कंट्रोल रूमचा आवाज ऐकायचा आणि बोलणाऱ्याला हाताने खुणा करायच्या. माझं आडनाव प्रिल, आणि तिथे सगळे मला त्याच नावाने हाक मारायचे.

कोरीन वसालो तेव्हा सत्तेचाळिशीची होती. रात्रीच्या त्या वेळेला राजकारणावर विनोद करणारे बाकी सगळे पुरुष, सगळे निळ्या सुटातले. त्यांत ही एकटी बाई. ब्रुकलिनमध्ये बे रिजला ज्या घरात जन्मली तिथेच आई रोझाल्बाबरोबर राहायची. आईला कार्यक्रम आवडायचा नाही. "देवाने तुला चांगला आवाज दिला होता, चर्चमध्ये गायली असतीस," असं ती माझ्यासमोरही म्हणायची. कोरीन म्हणायची, "मम्मा, चर्चवाले इतका पगार देत नाहीत." आणि दोघी हसायच्या.

त्या हिवाळ्यात शेजारच्या राज्याच्या गव्हर्नरने, वेंडेल स्ट्रेकने, गावोगावच्या अँब्युलन्सचा निधी कापला होता. पत्रकारांनी जाब विचारला की तो डोळे पुसत आपल्या दिवंगत बायकोबद्दल बोलायला लागायचा. लोर्ना अशी होती, लोर्नाला हे आवडलं असतं. प्रश्न विचारणाराच ओशाळून खाली बसायचा.

कोरीनने तो व्हिडिओ दाखवला आणि कॅमेऱ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "गव्हर्नरसाहेबांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. आणि तेव्हापासून बिचारीला एक दिवस सुट्टी नाही. निवडणूक असो, पत्रकार परिषद असो, बाई कामावर हजर."

आधी प्रेक्षकांतून एक दबलेला 'ओह' आला. मग हशा, आणि तो बराच वेळ थांबला नाही. मीसुद्धा हसले.

शनिवारपर्यंत तेवढाच तुकडा देशभर फिरला. अँब्युलन्सचा भाग त्यात नव्हता. गव्हर्नर म्हणाला, "मी त्या बाईंसाठी प्रार्थना करीन." त्याच्या बाजूचे लोक म्हणाले, हे विनोदी कलाकार नाहीत, ही गटारं आहेत. आमच्या बाजूचे मोठे मोठे संपादक म्हणाले, मुद्दा बरोबर होता, पण काही सभ्यता नको का.

आता, आमच्याच वाहिनीवर, आमच्याच मजल्यावर डर्क लॅनिगन रोज रात्रीचा कार्यक्रम करायचा. त्याने महिनाभर आधीच एका महापौरबाईंवर विनोद केला होता. त्या बाईंचा मुलगा नशेच्या गोळ्यांनी मेला होता. डर्क म्हणाला होता, "महापौरबाई शहरातला नशेचा प्रश्न सोडवणार म्हणतात. घरातला तर सुटला." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला 'निर्भीड' म्हटलं. कोरीनला तेच लोक म्हणाले, जिभेला हाड नाही.

पण गोष्ट एवढीच नव्हती. आदल्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या एका विनोदवीराने, बॉइड हॅसलक्विस्टने, केमोथेरपी चालू असलेल्या एका खासदार बाईंबद्दल म्हटलं होतं, "बाई स्वतःचं मत आणि केस, दोन्ही रोज सकाळी ड्रॉवरमधून काढून लावतात." त्यावर कोरीनने आमच्या कार्यक्रमात पूर्ण एक भाग सभ्यतेवर केला होता. हा माणूस पडद्यावर दिसता कामा नये, असं स्वच्छ म्हणाली होती. पंधरवड्यात बॉइडचा कार्यक्रम बंद झाला होता. आता लोकांनी तिचं ते भाषण आणि हा विनोद शेजारी शेजारी लावून फिरवायला सुरुवात केली. खाली एकच वाक्य: ही शिकवणार आपल्याला सभ्यता.

सोमवारी मी ऑफिसात गेले तेव्हा फोन सतत वाजत होते. शिव्या आम्हाला नवीन नव्हत्या. पण दुपारी कोरीनने मला तिच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाली, "हे ऐक."

फोनवर एका पुरुषाचा निरोप होता. आवाज अगदी साधा, बँकेतल्या माणसासारखा. "कोरीन, तुझी आई आज सकाळी बेकरीत गेली होती. तिला ऑलिव्हचा पाव हवा होता, संपला होता. साधा घेतला. तपकिरी कोट, डावा पाय जरा ओढत चालते. बर्फावरून जपून चालायला सांग." एवढंच.

"मम्माला फोन केला मी," कोरीन म्हणाली. "म्हटलं, आज पाव कुठला आणलास? म्हणाली, साधा, ऑलिव्हचा संपला होता."

मी पोलिसांना फोन लावला. 

पोलिसांकडून क्वार्ल्स नावाच्या एक डिटेक्टिव्ह बाई आल्या. त्यांनी निरोप दोनदा ऐकला.

"यात धमकी कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

"तो माझ्या आईच्या मागे उभा होता," कोरीन म्हणाली.

"हो. आणि जपून चालायला सांगा म्हणतोय. उद्या मी कोर्टात हे ऐकवलं तर न्यायाधीश म्हणतील, भला माणूस दिसतोय." क्वार्ल्सबाई वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. "आईला काही दिवस दुसरीकडे पाठवा. तुम्ही स्वतः दार उघडायला जाऊ नका."

संध्याकाळी तो निरोप बातम्यांतही वाजला. तरी रोझाल्बा जायला तयार होईना. ती त्याच संध्याकाळी ऑफिसात येऊन बसली, कोट न काढता. "मी का जाऊ? मी काही बोलले का टीव्हीवर?"

"मम्मा, माझ्यासाठी जा."

"त्या बाईचं नाव काय होतं? जी मेली तिचं?"

"लोर्ना."

"लोर्नाबद्दल बोलायला नको होतंस. मेलेल्यांबद्दल आपण बोलत नाही. तुझा बाप गेला तेव्हा कुणी असं बोललं असतं तर?"

"त्याने बायकोच्या आडून अँब्युलन्स काढून घेतल्या, मम्मा."

"मग अँब्युलन्सबद्दल बोल ना. माझी काय ना आहे?" म्हातारी माझ्याकडे वळली. "प्रिल, तू तिथेच उभी असतेस ना? हिला हाताने थांबवायचं नाही का?"

शेवटी कोरीनची बहीण कनेक्टिकटहून गाडी घेऊन आली आणि आईला घेऊन गेली. तेव्हापासून पुढचे कित्येक आठवडे कोरीन घरी एकटी झोपायची, म्हणजे झोपायची नाही. सकाळी यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे. दार जोरात लागलं की तिचं बोलणं अर्धवट तुटायचं. भीती तिच्यावरून आमच्यावर कधी आली कळलं नाही. मी घरी जाताना दुसऱ्या रस्त्याने जायला लागले. कार्यक्रमाच्या लेखकांपैकी एकाने घराच्या दारावरची नावाची पाटी काढून टाकली.

मंगळवारी सकाळी वाहिनीचे उपाध्यक्ष क्रोल तिला भेटायला आले. मृदू बोलणारा, महाग चष्म्यातला माणूस.

"माफी मागा, कोरीन. मनापासून, थोडक्यात."

"डर्कने मागितली होती?"

"डर्कचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? मला समजून घ्यायचंय."

क्रोलनी चष्मा पुसला. "डर्क बोलतो तेव्हा लोकांना वाटतं, गंमत करतोय. तुम्ही बोलता तेव्हा त्यांना वाटतं, तुम्हाला राग आलाय."

"मला रागच आला होता."

"तेच," क्रोल म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

डर्क स्वतःही डोकावून गेला. हातात चॉकलेटचा डबा. दारातच उभा राहिला. "वाईट वाटतं गं. मी तुझ्या बाजूने बोललो असतो, खरंच. पण आता तोंड उघडलं तर माझं ते महापौरबाईंचं उकरून काढतील. समजून घे."

"समजलं," कोरीन म्हणाली. तो गेल्यावर तिने डबा मला दिला. "लेखकांना वाट. मी काही खाणार नाही, कुणी दिलेलं."

डर्कच्या हातचंही नको, इथवर गोष्ट आली होती.

त्याच संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"कोरीन? मी बॉइड हॅसलक्विस्ट."

तिने माझं मनगट सोडलं नाही. "काय हवंय?"

"काही नको. दोन गोष्टी सांगायच्यात. घराच्या मागच्या दाराला दिवा लाव, कुणी चालत आलं की आपोआप पेटतो तो. आणि फोन नंबर बदलू नकोस. बदललास की ते घरी येतात. नंबर चालू असला की निदान फोनवर भागतं त्यांचं."

"तू मजा बघायला फोन केलास?"

"थोडी. सुरुवातीचे दोन दिवस फार मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मग तो निरोपवाला आवाज बातम्यांत ऐकला. तसाच एक मलाही यायचा. माझ्या मुलीच्या शाळेची बस किती वाजता येते ते सांगायचा."

"तुझ्या मुलीचं मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

"तुझा विनोद घाणेरडा होता, बॉइड."

"होता. तुझाही होता. तुझा जास्त चांगला होता, हे मान्य. आम्ही आता आयडाहोला राहतो. मुलगी अजून माझ्याशिवाय बसमध्ये चढत नाही. बरं, दिव्याचं विसरू नकोस."

फोन ठेवल्यावर कोरीन खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "प्रिल, उद्या मी माफी मागणार आहे. भीतीमुळे मागतेय की खरंच वाटतंय म्हणून, ते मला सांगता येत नाही."

मी म्हटलं, "जेव, आधी काहीतरी जेव."

बुधवारी प्रेक्षकांना दोनदा तपासून आत सोडलं. त्यांचे फोन नेहमीसारखे बंद पिशव्यांत घालून कुलूप लावलेले. एरवी दोन पहारेकरी असायचे, त्या दिवशी सहा होते, भिंतीला पाठ लावून. मी प्रत्येक रांग बघत होते. कुणी खोकलं तरी माझी मान तिकडे वळायची. प्रेक्षकांना ते जाणवत होतं, त्यामुळे तेही घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसांना हसवणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. "काय मंडळी, झोप येत नाही वाटतं?" याला चार माणसं हसली.

कोरीन टेबलामागे बसली आणि कागद न बघता बोलायला लागली. "गव्हर्नर स्ट्रेक, गेल्या आठवड्यात मी तुमच्या पत्नीबद्दल..."

तिसऱ्या रांगेतला एक माणूस उठला. साठीचा, जाड, करडा ओव्हरकोट. त्याचा उजवा हात कोटाच्या आत होता. तो स्टेजच्या दिशेने दोन पावलं आला.

कोरीन ओरडली. काय ओरडली ते मला आठवत नाही, शब्द नव्हताच बहुधा. ती टेबलाखाली गेली. पहारेकरी त्या माणसावर पडले, तिघे एकदम. खुर्च्या उलटल्या. त्याची बायको किंचाळत होती, "सोडा त्यांना, सोडा." लोक खाली वाकले, काही दाराकडे धावले. मी कॅमेऱ्याच्या मागे जमिनीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं.

मग तो माणूस रडायला लागला. पहारेकऱ्यांनी त्याचा कोट उघडला. आत काही नव्हतं.

"मला बाथरूमला जायचंय," तो म्हणत होता. "मला फक्त बाथरूमला जायचं होतं."

त्याचं नाव ऑरिन टेडेस्को. डेलावेअरमधल्या शाळेत गाणं शिकवायचा. बायकोच्या वाढदिवसाला दोघं तिकिटं काढून आली होती. त्याला लघवीचा त्रास होता, म्हणून ओटीपोट दाबून उठला आणि अंधारात दार समजून स्टेजकडे आला. आता त्याचा खांदा निखळला होता आणि त्याची पँट भिजली होती. दीडशे माणसं ते बघत होती.

कोरीन टेबलाखालून बाहेर आली. तिचे केस विस्कटलेले, एक बूट निघालेला. ती तशीच स्टेजवरून उतरली. एका पहारेकऱ्याने तिला अडवलं, तिने त्याचा हात बाजूला केला. ती त्या माणसाजवळ जमिनीवर बसली, अंगातलं जाकीट काढलं आणि त्याच्या मांडीवर नीट पसरलं, पँट दिसणार नाही असं.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी घाबरले. तुमचं काही चुकलं नाही."

"तुमचं जाकीट खराब होईल," तो म्हणाला. दातांवर दात आपटत होते त्याचे.

"होऊ दे हो. हात हलवू नका. डॉक्टर येताहेत."

डॉक्टर येईपर्यंत ती तिथेच बसून होती, एका हाताने त्याचा चांगला हात धरून, दुसऱ्याने त्याच्या बायकोचा. मी प्रेक्षकांना मागच्या दाराने बाहेर काढलं. जाताना बहुतेक लोक त्या बाजूला न बघता गेले.

कॅमेरे चालूच होते. सगळं टिपलं गेलं होतं. तासाभरात क्रोल धावत आले. खोलीत कोरीन, मी आणि ते, तिघंच.

"मी पाहिलं आत्ता," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरंच ओले होते. "कोरीन, हे दाखवायचं. बाकी काही बोलायचंच नाही. ते जाकीट, ते बसणं. देश रडेल. सगळं उलटेल, बघा तुम्ही."

"त्यांची पँट भिजली होती, क्रोल."

"तेवढा भाग आपण धूसर करू."

"त्यांच्या बायकोने मला जाताना सांगितलं, हे कुणाला दाखवू नका. शाळेत मुलं चिडवतील."

"त्यांना भरपाई देऊ. सही घेऊ. तुम्हाला कळतंय का, यानंतर तुम्हाला कुणी बोट लावणार नाही? तो फोनवालासुद्धा गप्प बसेल."

तो फोनवाला म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. तिला ते हवं होतं. त्या आठवड्यात तिला दुसरं काहीच नको होतं, फक्त ते थांबायला हवं होतं. तिने हात मांड्यांखाली दाबून धरले.

"तो स्ट्रेक मेलेल्या बायकोला कामाला लावतो म्हणून मी त्याला हसले," ती म्हणाली. "आणि आता मी या माणसाला कामाला लावू? तेही भिजलेल्या पँटीत?"

"हे तसं नाही."

"मग कसं आहे?"

क्रोलनी खांदे उडवले आणि ते गेले.

त्या संध्याकाळी रिकाम्या स्टुडिओत आम्ही पुन्हा चित्रीकरण केलं. समोर दीडशे रिकाम्या खुर्च्या, तिसऱ्या रांगेतल्या काही अजून आडव्याच. कोरीन म्हणाली, "गव्हर्नर, तुमच्या पत्नीला मी यात ओढायला नको होतं. मला माफ करा. अँब्युलन्सबद्दल मी जे बोलले त्यातलं काहीही मागे घेत नाही. बॉइड, तुझा विनोद मला आजही घाणेरडा वाटतो. पण तुझं काम सुटल्यावर तुझ्या घरी काय झालं ते मी विचारलं नाही. आणि माझ्याच मजल्यावर त्याहून वाईट बोललं गेलं तेव्हा मी गप्प बसले, कारण बोलणारा आमच्यातला होता." तिचा आवाज दोनदा फाटला. मी ठरलेल्या वेळेला हात वर केला नाही, तिला बोलू दिलं.

कुणालाच ते आवडलं नाही. गव्हर्नरची माणसं म्हणाली, अर्धी माफी. आमची माणसं म्हणाली, शरण गेली. डर्कने आठवडाभर तिच्याशी बोलणं टाकलं. मग प्रेक्षकांपैकी कुणीतरी बाहेर बोललं असावं, कारण त्याने आपल्या कार्यक्रमात म्हटलं, "कोरीनने माफी मागितली, बरं झालं. आता कुणीतरी तिला टेबलाखालून बाहेर काढा." मोठा हशा झाला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, सहकाऱ्याची प्रेमळ थट्टा.

जाहिराती एकेक करून गेल्या. उन्हाळ्यात वाहिनीने कळवलं की पुढच्या हंगामासाठी त्यांना 'वेगळा बाज' हवा आहे. शेवटच्या भागाला टेडेस्को पतिपत्नींना बोलावणं पाठवलं होतं. ती आली नाहीत. त्याचा खांदा बरा झाल्याचं बायकोने कळवलं, तेवढंच.

निरोपवाला सापडला नाही. जूनपर्यंत त्याचे निरोप येत होते, मग थांबले. का थांबले तेही कळलं नाही.

मी आता एका पाककृतींच्या कार्यक्रमात काम करते. तिथे प्रेक्षक नसतात, ते मला बरं वाटतं. गेल्या शरद ऋतूत मी कोरीनकडे गेले होते. ती आणि रोझाल्बा हडसन नदीच्या वरच्या अंगाला एका छोट्या गावात राहतात. दारावर नाव नाही. कोरीन तिथल्या कॉलेजात लेखन शिकवते, जाडी झाली आहे, हसते पुन्हा. रोझाल्बाने टोमॅटोचा सॉस केला होता आणि कनेक्टिकटच्या जावयाच्या तक्रारी सांगत होती. कोरीन तिची नक्कल करत होती, अगदी हुबेहूब, आणि म्हातारी तिला पळीने मारायला धावत होती.

तेवढ्यात बाहेर खडीवर एक गाडी येऊन थांबली.

रोझाल्बाची पळी हवेतच राहिली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कोरीन उठून खिडकीच्या बाजूच्या भिंतीला टेकली, पडद्याला हात न लावता. इंजिन चालू होतं. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. मी पळीवरून खाली गळणारा सॉस बघत होते. मग गाडी मागे सरकली, वळली आणि आली तशी गेली. रस्ता चुकली असेल.

"रात्री इथेच राहा, प्रिल," कोरीन म्हणाली. "जागा आहे."

मी राहिले.